पौर्णिमेपर्यंत थांबलेलं नाव

दरवर्षी मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मी एक काम करते. कॅलेंडरवर त्या तारखेभोवती लाल शाईचं वर्तुळ असतं. आंघोळ आणि चहा झाला की संगणक सुरू करायचा आणि एका नावाची मुदत वर्षभरानं वाढवायची. ते एका वेबसाइटचं नाव आहे आणि त्या वेबसाइटवर काहीही नाही. कुणी ते नाव टाइप केलंच, तर कोरं पांढरं पान उघडतं.

गेल्या वर्षी तुम्ही व्हिडिओवर विचारलंत, "आजी, रिकाम्या पानाचं तू काय करतेस?" मी "राखते" एवढंच म्हणाले आणि तुमच्याकडे बर्फ पडला का ते विचारलं. तुम्हांला बर्फाबद्दल बोलायचा कंटाळा येतो हे मला माहीत आहे. पण माझ्यानंतर हे काम तुम्हांला करायचं आहे आणि कारण माहीत नसलेलं काम माणूस दोन वर्षांत सोडून देतो. म्हणून हे लिहिते आहे. ते नाव मात्र इथे लिहिणार नाही. तुमची बोटं विचाराच्या आधी चालतात. नाव माझ्या कपाटातल्या खाकी पाकिटात आहे.

मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत राहून मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत असे. माझे वडील कोर्टात पट्टेवाले होते. साहेबांच्या टेबलावरचे कागद ते रोज उचलून ठेवत. आपल्याला नाही तर नाही, पण मुलीला ते वाचता आले पाहिजेत, या हट्टानं त्यांनी मला इंग्रजी शाळेत घातलं. त्या शाळेनं मला भाषा दिली आणि पट्टी धरून रेघ मारायची सवय दिली. दुसऱ्या गोष्टीनं मला किती अडकवलं, ते पुढे सांगते.

नव्वदनंतर, मी निवृत्त व्हायच्या सुमारास, जुन्या विद्यार्थिनी धाकट्या बहिणींचे फोटो घेऊन घरी येऊ लागल्या. आपल्या बौद्ध समाजात तोवर शिकलेल्या मुली पुष्कळ झाल्या होत्या. कुणी नर्स, कुणी शिक्षिका, कुणी बँकेत. पण त्यांच्यासाठी स्थळं शोधायची रीत जुनीच होती. कुणाचा तरी मामा एस.टी.तून गावोगाव फिरायचा आणि मुलीचा फोटो खिशात चुरगळलेला असायचा. मी एक लांब वही आणली, रकाने आखले आणि दर रविवारी दहा ते एक दार उघडं ठेवू लागले. एकाच्या चार वह्या झाल्या.

माझा एक नियम होता. बाप मुलीला घेऊन आला की त्याला बाहेरच्या बाकावर बसवून चहा द्यायची आणि मुलीला आत घेऊन दार लोटायची. तुला लग्न करायचं आहे का? फोटो कुणाला दाखवू, कुणाला नको? मग तिनं फोटोच्या मागे सही करायची. सही नसेल तर तो फोटो कपाटाबाहेर जात नसे.

"फोटोच्या मागं सही?" एक बाप बाहेरून ओरडला होता. "बाई, पोरगी हाय का चेकबुक?"

"चेकबुकच समजा," मी म्हणाले. "तिच्या सहीशिवाय वटणार नाही."

त्या चार वह्यांमध्ये एक मुलगी होती, शाहूवाडीच्या डोंगराकडची. आश्रमशाळेत शिकवायची. तिचं एक लग्न होऊन मोडलं होतं. नवरा मारायचा. कोर्टात रीतसर फारकत झाली, पण कोर्टाच्या पायरीवर त्यानं सांगितलं होतं की तू जाशील तिथं येईन. मामानं समजावून तिला माझ्याकडे आणलं. सही करून तिनं खाली स्वतःच आणखी एक ओळ लिहिली, "पत्ता कुणालाही नाही." वहीत तिच्या पत्त्याच्या रकान्यात मी आडवी रेघ मारली. खरा पत्ता एका चिठ्ठीवर, वेगळ्या पाकिटात. मी तिला म्हणाले, "इथून बाहेर जाणार नाही." हे मी बोललेलं वाक्य आहे. ते नीट लक्षात ठेवा.

दोन हजार साल उलटल्यावर तुमची आई पुण्यात संगणकाच्या नोकरीला लागली. सुट्टीत घरी आली की माझ्या वह्या बघून हसायची. एकदा म्हणाली, "आई, याची वेबसाइट करू. नागपूरच्या मुलाला कोल्हापूरची मुलगी घरबसल्या कळेल. फोटो टाकायचे नाहीत, नुसती माहिती. तुझे सगळे नियम तसेच ठेवू." मला ते पटलं. आम्ही दोघींनी बसून नाव ठरवलं. साधं, सोपं, कुणालाही तोंडपाठ होईल असं.

"आता हे नाव आजच घेऊन टाकते," ती म्हणाली. "जो आधी घेईल त्याचं असतं. मिळतीजुळती दोन-तीन नावंही घेऊ."

"आज नको," मी म्हणाले. "बुद्धपौर्णिमेला घेऊ. विहारात कार्यक्रम करू. आधी पत्रिका छापू."

"आई, आपल्यात मुहूर्त बघत नाहीत ना?"

"मुहूर्त नाही गं. क्रम."

हे मी अगदी ठसक्यात म्हणाले होते. माझ्या सासऱ्यांनी छप्पन सालानंतर घरातलं पंचांग उचलून बाहेर ठेवलं, ते पुन्हा आत आलं नाही. मुहूर्त पाहणाऱ्यांना आम्ही हसायचो. पण चांगलं काम पौर्णिमेला सुरू करायचं, त्याआधी पत्रिका वाटायच्या, मग सगळ्यांसमोर पहिलं बटण दाबायचं, हे माझ्या डोक्यात ओळीनं आखलेलं होतं. पौर्णिमेला सव्वा महिना होता. पत्रिका छापल्या. त्यावर वेबसाइटचं नाव ठळक अक्षरात, खाली माझं नाव आणि माझं वाक्य, "मुलीच्या संमतीशिवाय फोटो दाखवला जाणार नाही." वहीतल्या प्रत्येक घरी एक, अशा सगळ्या पत्रिका वाटल्या. जे नाव अजून आमचं झालेलंच नव्हतं, ते मी स्वतःच्या हातानं गावभर देऊन आले.

पहिली पत्रिका भावकीत द्यायची पद्धत. तुमच्या आजोबांचे चुलतभाऊ, म्हणजे माझे चुलतदीर, शाहूपुरीत झेरॉक्स आणि कॉम्प्युटरचं दुकान चालवत. माणूस गोड बोलणारा, सगळ्यांच्या कामाला धावणारा. त्याच्या दोन वर्षं आधी आजोबांचं ऑपरेशन मिरजेला झालं, तेव्हा आठ दिवस हाच माणूस त्यांच्या उशाशी बसला होता. तुमची आई पुण्यात आणि मी सासूबाईंना सांभाळत घरी.

"या वैनी, या. एवढ्या उन्हाचं चालत आलासा?" त्यांनी थंड सरबत मागवलं. पत्रिका दोनदा वाचली. "वेबसाइट? झाली पण चालू?"

"पौर्णिमेला होईल."

"म्हंजे अजून न्हाय?"

"नाही. नावसुद्धा त्याच दिवशी घ्यायचं आहे. सगळ्यांसमोर."

"बरं की," ते म्हणाले. "लई चांगलं. येतो की आम्ही."

मी सरबत पिऊन, आभार मानून घरी आले.

पौर्णिमेच्या सकाळी घरात खीर शिजत होती. तुमची आई आदल्या दिवशी पुण्याहून आली होती. संध्याकाळी विहारात घोटाळा नको म्हणून तिनं घरीच एकदा करून बघायचं ठरवलं. इंटरनेट तेव्हा फोनच्या तारेवरून जोडावं लागे, तो खरखर आवाज बराच वेळ चालला. मग तिनं तेच नाव पुन्हा एकदा टाइप केलं. मी हातात डाव घेऊन दारात उभी होते.

"आई, नाव गेलंय."

"गेलंय म्हणजे?"

"कुणीतरी घेतलंय. महिना झाला."

मला वाटलं, ती काहीतरी चुकीचं टाइप करते आहे. मी चष्मा लावून एकेक अक्षर पत्रिकेशी ताडून पाहिलं. बरोबर होतं. संध्याकाळी त्रिशरण-पंचशील झाल्यावर मला बोलायला उभं केलं. समोर दोनशे माणसं, त्यांतली निम्मी माझ्या वह्यांमधली घरं. आयुष्यभर मुलींना खरं बोलायला शिकवलेल्या बाईनं माइकवर सांगितलं, "थोडी तांत्रिक अडचण आहे. लवकरच सुरू होईल." टाळ्या झाल्या. त्याच वेळी सांगायला हवं होतं, तिकडे जाऊ नका, ते नाव आपलं नाही. मला लाज वाटली आणि तेवढ्यात खीर वाटायला सुरुवात झाली.

चौथ्या दिवशी चुलतदीर पेढ्यांचा पुडा घेऊन घरी आले. मी चहा केला. आजोबा खुर्चीत होते.

"वैनी, रागावू नका. नाव मी घेतलंय," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणी ढापण्यापरीस घरातच ऱ्हायलेलं बरं न्हवं का?"

मला क्षणभर हायसं वाटलं, इतकी मी भाबडी. "मग देऊन टाका, भावजी. जे काय लागलं असेल ते मी देते."

"पैशाचं काय घिऊन बसलासा? असं बघा. नाव माझ्याकडं हाय, वह्या तुमच्याकडं हायत. दोघं मिळून करू. माहिती मी चढवतो, फोटोसकट. फोटो बघितल्याबिगर पोरगा फिरकतोय व्हय?"

"फोटो दाखवायचा की नाही हे मुलगी ठरवते."

"तुमच्या कपाटात दहा-दहा वरसं पडलेत की फोटो. पोरी म्हाताऱ्या व्हायला लागल्या वैनी, आन् तुमच्या सह्या काय सपंनात!"

मी आजोबांकडे पाहिलं. ते कपातला चहा ढवळत होते, साखर कधीच विरघळून गेलेली. मला कळत होतं, त्यांच्या डोळ्यांसमोर मिरजेची ती खोली होती. मी वह्या देणार नाही म्हणाले. चुलतदीर हसले, पेढे ठेवून गेले. आठवड्यानं त्या नावावर वेबसाइट उभी राहिली. आमच्या पत्रिकेतला मजकूर जसाच्या तसा होता. माझं नाव आणि संमतीचं वाक्यही त्यात होतं. त्याच्या खाली एक फॉर्म, मुलीचं नाव, वय, नोकरीचा पत्ता, फोटो. जे भरेल ते कुणालाही दिसणार.

माझी एक जुनी विद्यार्थिनी वकील होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. "बाई, पत्रिका छापली म्हणून नाव आपलं होत नाही. ते नाव तुम्ही आधी कुठं वापरलंय? नाही. तक्रार करता येते, पण ती परदेशात, महिनोन्‌महिने चालेल. तुमचं नाव छापलं म्हणून नोटीस देता येईल. देऊ?" मी घरी येऊन विचारलं. आजोबा म्हणाले, "भावाला नोटीस?" आणि मी वकिलाला नको म्हणून कळवलं.

पोलिसांकडेही गेले. तिथल्या हवालदारानं आदरानं खुर्ची दिली. "बाई, माणूस घरात शिरला असता तर धरला असता. हितं कंप्युटरच्या आत जाऊन पंचनामा कसा करू, तुम्हीच सांगा. आन् तुमचं दीरच म्हणतासा. घरातच मिटवा की."

ते नाव आमचं नाही अशी पेपरात जाहिरात द्यावी, असं तुमच्या आईनं सुचवलं. पण ज्यांनी पत्रिका बाजूला टाकली होती तेही कुतूहलानं ते नाव उघडून बघणार. काही न करावं तर लोक माझ्या भरवशावर मुलींची माहिती भरत राहणार. जाहिरात दिली तरी नुकसान, न दिली तरी नुकसान. त्या दिवसांत मला घरातल्या घरात कोंडल्यासारखं व्हायचं. दार उघडं असायचं, रस्त्यावरून ओळखीची माणसं जायची, "काय बाई, वेबसाइट झ्याक झाली की!" म्हणून ओरडायची आणि मी मान हलवायची.

शेवटी मी माझ्या पद्धतीनं एक काम काढलं. प्रत्येक घरी पत्र लिहायचं. पोस्टकार्ड नको, कारण पोस्टकार्ड पोस्टमनपासून शेजारणीपर्यंत सगळे वाचतात आणि अमक्याच्या घरी मुलीचं स्थळ बघतात हे गल्लीभर होतं. म्हणून बंद पाकिटात, हातानं लिहिलेलं. "पत्रिकेवरच्या पत्त्यावर काहीही भरू नका. तो पत्ता माझा नाही. चूक माझी आहे." रोज पंचवीस पत्रं. पहिल्या वहीच्या पहिल्या क्रमांकापासून सुरुवात केली.

क्रमानं.

मुलांनो, इथे मी थांबते, कारण या जागी मला नेहमीच थांबावं लागतं. कपाटात वेगळं पाकीट होतं. ज्या मुलीला सगळ्यात जास्त धोका होता, तिचा पत्ता मी स्वतः बाजूला काढून ठेवला होता. तिला पहिलं पत्र लिहायला हवं होतं. ती चौथ्या वहीत होती, म्हणून तिचं पत्र बाराव्या दिवशी लिहून झालं. मधे एकदाही माझ्या मनात आलं नाही की क्रम मोडावा. लोक मला व्यवस्थित बाई म्हणतात, तेव्हा मला ते बारा दिवस आठवतात.

पत्र पोचायच्या आत तिच्या मामानं मलकापुरात कुणाकडून तरी तो फॉर्म भरून घेतला होता. त्या माणसाचा हेतू चांगला होता. पत्रिकेवर बाईंचं नाव, म्हणजे काम बाईंचंच. भाचीचा फोटो, शाळेचं नाव, गाव, सगळं त्यानं भरलं.

ती मुलगी एका दुपारी आली. रविवार नव्हता. चप्पल काढून दाराशीच उभी राहिली.

"आत ये गं."

"न्हाय बाई. एकच इचाराया आलीया. माज्या फोटूच्या मागं सही घेतलीती न्हवं तुमी?"

"हो."

"मग फुडनं समद्यांनी कसा बघितला?"

माझ्याकडे उत्तर होतं, लांबलचक होतं. नाव, मुहूर्त, भावजी, फॉर्म, मामा. तिला सांगू लागले तर ती मधेच म्हणाली, "त्यो आलता. शाळंच्या गेटवर. दोन दिस उभा हुता. पोरं इचारत्यात, बाई, ह्यो कोन?" तिचा आवाज चढला नाही. "मी राजीनामा द्यायला निघाली हाय. तेवढं त्यातनं काडा माजं. म्या जाईन तितं परत याया नगं."

मी तशीच शाहूपुरीला गेले. चुलतदीर दुकानात होते. मी सगळं सांगितलं. त्यांना खरंच वाईट वाटलं, ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. माणूस दुष्ट नव्हता. पण लगेच त्यांना धंदा आठवला.

"काढतो की वैनी. एका मिनटाचं काम. पण मग तुम्हीबी वह्यांचं कायतरी बघा की. एक काढायची, उद्या दुसरी काढायची, मग ऱ्हायलं काय माझ्याकडं?"

एका मुलीला सोडवायचं तर बाकी सगळ्यांना त्यांच्या हवाली करायचं, असा तो सौदा होता. मी बाहेर पडले. घरी येऊन मी आजोबांना जसं झालं तसं सांगितलं आणि स्वयंपाकघरात जाऊन बसले. रडले नाही. भांड्यांचा क्रम लावत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबांनी मला डबा भरून मागितला. निवृत्त झाल्यापासून त्यांनी डबा नेला नव्हता. कुठे निघालात, तर म्हणाले, "शाहूपुरीला."

पुढचं मला दुकानातल्या झेरॉक्सवाल्या बाईनं सांगितलं. ते गेले आणि गिऱ्हाइकांच्या बाकावर बसले. चुलतदिरांनी विचारलं, "काय काम हुतं दादा?"

"काही नाही. तू आठ दिवस माझ्या उशाशी बसलास. मी तुझ्याकडे बसतो."

"दादा, असं काय करतासा?"

"तू तुझं काम कर."

दुपारी त्यांनी तिथेच डबा खाल्ला. येणारं गिऱ्हाईक विचारायचं, हे पावणं कोण? चुलतदिरांना सांगावं लागायचं, आमचं थोरलं भाऊ. मग पुढचा प्रश्न, हितं का बसल्यात? त्यावर ते मशीनमध्ये कागद भरायला वळायचे. पहिला दिवस गेला. दुसरा गेला. दोन्ही दिवशी संध्याकाळी आजोबा घरी येऊन हातपाय धुऊन जेवत आणि सकाळी मी पुन्हा डबा भरत असे. तिसऱ्या दिवशी चार वाजता चुलतदीर म्हणाले, "उठा दादा. काढलं." आजोबांनी त्यांना पान उघडून दाखवायला लावलं. त्यांना संगणकातलं ओ का ठो कळत नव्हतं, पण त्या जागी फोटो नाही एवढं त्यांना दिसलं. मुलीच्या मजकुराबरोबर माझं नावही काढलेलं होतं. ते उठले, रिकामा डबा घेऊन चालत घरी आले. त्यानंतर दोघे भाऊ लग्नकार्यात भेटले की तब्येतीचं विचारत, त्यापलीकडे नाही. मिरजेच्या आठ दिवसांच्या बदल्यात ते तीन दिवस त्यांनी कसे काढले, हे त्यांनी मला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

नाव मात्र चुलतदिरांकडेच राहिलं. ते दुसऱ्या कुणाचे तरी फॉर्म भरून घेत राहिले.

माझ्या वह्या मी बंद केल्या. पुढच्या पावसाळ्यात त्यांची शिवण उसवली, एकेक पान सुटं केलं आणि ज्या मुलीचं पान तिला फोटोसकट परत दिलं. कुणी म्हणालं, बाई, चांगलं काम सोडलं. कुणी पान घेतलं आणि दार लावलं. काही मुलींनी सहीची बाजू वर करून बघितली आणि हसल्या. त्या डोंगराकडच्या मुलीला पान आणि फोटो घालून पाठवलेलं पाकीट पोस्टातून परत आलं. पत्ता सोडून गेल्या, असा शेरा होता. तिच्या मामाकडे गेले, तर तो म्हणाला, "मलाबी सांगितलं न्हाय बाई तिनं. बरंच केलं." ती कुठे गेली हे मी पुढे कुणालाही विचारलं नाही. तिच्यासाठी मला करता येण्यासारखं तेवढंच उरलं होतं.

पाच-सहा वर्षं गेली. तुमची आई लग्न होऊन तिकडे गेली, तुमच्यातला मोठा रांगायला लागला. चुलतदिरांचं दुकान मोबाइलच्या दुकानात बदललं. एका सकाळी तुमच्या आईचा फोन आला.

"आई, ते नाव मोकळं झालंय. काकांनी मुदत वाढवलेली नाही."

"घे."

"कशाला? आता काय करणार त्याचं?"

"घे आधी. आत्ता."

ती हसली. "पौर्णिमा परवा आहे. थांबायचं का?"

"आत्ता," मी पुन्हा म्हणाले, तेव्हा तिला कळलं. फोन चालू ठेवूनच तिनं ते नाव घेतलं आणि मला मोठ्यानं वाचून दाखवलं, माझ्या नावावर, माझ्या पत्त्यावर. मी सांगितलं, त्यावर काही ठेवू नकोस. कोरं ठेव.

तुम्हांला वाटेल, एवढ्या वर्षांनी कोण ते उघडतंय. पण त्या पत्रिका मी जाड कागदावर छापल्या होत्या. लोक चांगला कागद टाकत नाहीत. ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवतात, मुलीच्या सर्टिफिकेटांच्या फाइलीत ठेवतात. परवाच विहारात एक बाई भेटली. म्हणाली, "बाई, तुमची पत्रिका हाय अजून आमच्यात. नातीला बघायचंय, त्यावर टाकू का?" त्यावर माझं नाव आहे, म्हणून तिला भीती वाटत नाही. हे नाव दुसऱ्या कुणाच्या हातात गेलं, तर तो पुन्हा एक फॉर्म ठेवील आणि ती बाई तो भरील. म्हणून मला ते सोडता येत नाही. मी म्हातारी झाले, गुडघे गेले, कुठे चार दिवस जायचं म्हटलं तरी आधी मे महिना मोजते. तुमच्याकडे यायचं तिकीटसुद्धा मी दोनदा त्यापायी पुढे ढकललं, हे तुमच्या आईला ठाऊक नाही. ती म्हणते, मुदत आपोआप वाढेल असं करून टाकते. मी नको म्हणते. जे आपोआप होतं त्याच्याकडे कुणाचं लक्ष राहत नाही. कार्ड बदलतं, ईमेल बंद पडतो, सूचना कुठल्या तरी जुन्या पेटीत जाऊन पडतात आणि एक दिवस नाव मोकळं होतं.

तेव्हा तुम्ही दोघांनी एवढं करा. वर्षातून एकदा, हातानं. त्यावर काही टाकू नका, विकू नका, कुणी कितीही चांगलं काम करतो म्हणाला तरी देऊ नका. आणि तुमचं स्वतःचं काही सुरू करायचं असेल, तर नाव आधी घ्या, मग माझ्यासकट सगळ्यांना सांगा.

त्याच खाकी पाकिटात एक फोटो आहे. मागे सही आणि तिच्याखाली एक ओळ. कपाटात उरलेला तो एकच फोटो. ती बाई आता पन्नाशीच्या पुढे असेल. कधी दाराशी आली आणि मी नसले, तर तिच्याकडून कागदावर सही घ्या, मागच्या सहीशी ताडून बघा आणि फोटो तिच्या हातात द्या. ती कुठे राहते हे विचारू नका.